शिवारातला पाऊस कोणाच्या वहीत?

लासलगावच्या बाजार समितीत सकाळचे लिलाव सुरू झाले की कांद्याचे तीन आकडे तयार होतात: किमान, कमाल आणि सरासरी. ट्रॅक्टरची रांग पुढे सरकत असते, व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन दाबून बघतात, बोली चढते, चिठ्ठी फाटते. दुपार व्हायच्या आत हे आकडे मुंबई-दिल्लीपासून पार चेन्नईपर्यंत पोचलेले असतात. किती वाहनं आली, किती क्विंटल आवक झाली, उन्हाळ किती, लाल किती, याचीही नोंद त्याच दिवशी होते. १९४७ साली स्थापन झालेल्या या बाजार समितीचं हे काम चोख आहे, आणि देशातल्या कांद्याचा भाव त्यावर ठरतो.

पण तो कांदा ज्या हवेत वाढला, ज्या पाण्यावर पोसला आणि ज्या पावसात भिजला, त्याची अशी जोडलेली नोंद कुठेही नाही. आज ट्रॉलीत आलेल्या मालात गोल्टी जास्त का, मानेशी सड का, एवढे डेंगळे कुठून आले, हे शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला अनुभवाने कळतं. सरकारी कागदावर ते कळत नाही. आणि कर्ज, विमा, नुकसानभरपाई, निर्यातीचे निर्णय हे सगळं कागदावर चालतं.

या भागात कोणी काही मोजतच नाही, असं मात्र नाही. उलट निफाड तालुका हा महाराष्ट्रातल्या बऱ्यापैकी मोजल्या जाणाऱ्या तालुक्यांपैकी एक असावा. लासलगावपासून वीसेक किलोमीटरवर कुंदेवाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, गव्हाच्या वाणांसाठी प्रसिद्ध. दर हिवाळ्यात ‘निफाडचा पारा घसरला’ अशी जी बातमी आपण वाचतो, ती याच केंद्रातल्या तापमापकाची. डिसेंबर २०१८ मध्ये इथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. महसूल मंडळांमध्ये ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीत किती पाणी सुटलं हे जलसंपदा विभाग क्युसेकमध्ये सांगतो. त्याच बंधाऱ्याच्या फुगवट्यावर वनविभाग पक्ष्यांची गणना करतो. नदीच्या पाण्याचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. मातीचा सामू आणि अन्नद्रव्यं २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकेत उतरतात. वरून उपग्रह बघतो तो वेगळाच: केंद्र सरकारच्या ‘चमन’ प्रकल्पात २०१४ पासून दूरसंवेदनाने ज्या फळ-भाजीपाला पिकांखालचं क्षेत्र मोजायला घेतलं, त्यात कांदा आहे.

इतकी मोजमापं एकाच तालुक्यात होतात. कृषी, महसूल, भूजल, जलसंपदा, वन, प्रदूषण मंडळ, विद्यापीठ, दिल्लीतलं पीक अंदाज केंद्र, अशा सात-आठ दारांत ती विखुरली आहेत. प्रत्येकाची तारीख वेगळी, एकक वेगळं, नकाशावरची हद्द वेगळी. भूजलवाले पाणलोट धरतात, महसूलवाले मंडळ धरतात, वनखातं अभयारण्याची सीमा धरतं. पीक मात्र एकाच शिवारात उभं असतं आणि हे सगळं एकाच वेळी सोसत असतं.

पावसाचंच घ्या. ‘महावेध’ २०१७ मध्ये सुरू झालं. राज्यातल्या दोन हजारांवर महसूल मंडळांत एकेक स्वयंचलित केंद्र उभं राहिलं. कुंपणात उभा एक खांब, त्यावर वाऱ्याचा वेग आणि दिशा सांगणारी यंत्रं, एक सौर पाटी, आणि बाजूला पर्जन्यमापक. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि वाऱ्याची दिशा अशा पाच गोष्टींची नोंद दर दहा मिनिटांनी पुढे जाते. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याखाली दोन छोट्या पन्हाळ्यांची झुलती पट्टी असते. एक पन्हाळी भरली की कलते, रिकामी होते, दुसरी पाण्याखाली येते. प्रत्येक कलण्याची यंत्रात खूण होते आणि त्या खुणांची बेरीज म्हणजे पाऊस. नरसाळ्यात माती, पाचोळा किंवा पाखराच्या घरट्याच्या काड्या अडकल्या, तर पाऊस पडूनही खूण होत नाही. उन्हाळाभर धूळ उडणाऱ्या या मुलखात ते नरसाळं वेळच्या वेळी साफ होणं ही लहान गोष्ट नाही. त्यावर कोणाचं तरी वर्ष अवलंबून असतं.

कारण चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तरच त्याला शासनाच्या लेखी अतिवृष्टी म्हणतात, आणि पंचनाम्याची वाट साधारण तिथून सुरू होते. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात. आता समजा, पहाटे पाचला ढग फुटला आणि सकाळी अकरापर्यंत पाऊस कोसळत राहिला. साडेआठच्या आधी चाळीस मिलिमीटर, नंतर चाळीस. शेतात सहा तासांत ऐंशी मिलिमीटर पाणी साचलं, रोपवाटिकेचे वाफे वाहून गेले, पण वहीत दोन वेगवेगळ्या दिवसांचा चाळीस-चाळीस पाऊस लागला. अतिवृष्टी एकाही दिवशी नाही. आणि मंडळ म्हणजे काही एक शिवार नव्हे, त्यात दहा-वीस गावं येतात. वळवाचा किंवा अवकाळी पाऊस एका गावाला झोडपतो आणि शेजारच्या गावाचा रस्ताही ओला करत नाही, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पाऊस आमच्या वावरात आणि आकडा दुसऱ्याच्या गावचा, ही तक्रार निफाड, येवला, चांदवड तालुक्यांत कुठेही ऐकायला मिळते. ती खरी आहे. गारांचं तर बोलायलाच नको: गार मोजायची सोय या पर्जन्यमापकात मुळातच नाही. २६ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी निफाड तालुक्यात गारपिटीने द्राक्षबागा आणि कांदा झोडपला, तेव्हा नुकसान मोजायला माणसंच बांधावर जावी लागली.

या अडचणीतून एक चांगली वाटही निघाली आहे, तीही सांगायला हवी. एप्रिल २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती मानली. सलग पाच दिवस रोज किमान दहा मिलिमीटर पाऊस, गेल्या काही वर्षांच्या सरासरीशी त्याची तुलना, आणि उपग्रहावरून दिसणारा पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक, असं सगळं एकत्र बघून नुकसान ठरवायचं. निकष अजून कोणी सुधारेल, वाद होतील. पण जमिनीवरचा पर्जन्यमापक आणि आकाशातला उपग्रह एकाच प्रश्नासाठी एकत्र बसवले, ही त्यातली मोलाची गोष्ट. माझं म्हणणं एवढंच, की हे फक्त भरपाईपुरतं का? पीक उभं असताना का नाही?

कांद्याइतकं हवामानाला हळवं पीक थोडंच असेल. इथे त्याचे तीन हंगाम. खरिपातला पोळ कांदा, त्यामागून येणारा रांगडा, आणि रब्बीचा उन्हाळ. देशातल्या एकूण उत्पादनापैकी साठ टक्क्यांहून जास्त वाटा रब्बीचा, आणि टिकतो तोही तोच. पोळ कांद्याच्या रोपाला पावसाळ्यात सततचा ओलावा मिळाला की पीळ पडतो, करपा येतो. ढगाळ हवा लांबली की जांभळा करपा, कोरडी उष्ण हवा आली की फुलकिडे. थंडी नको तेव्हा कडक पडली की कांदा पोसायच्या ऐवजी डेंगळे टाकतो. एप्रिल-मेमध्ये काढणीच्या वेळी पाऊस झाला, तर पातीसकट सुकायला ठेवलेला कांदा मानेतून पाणी पितो आणि चाळीत गेल्यावर सडतो. म्हणजे एकाच पिकाला रोपवाटिकेत एका प्रकारच्या हवामानाची माहिती हवी, पोसण्याच्या काळात दुसऱ्या, काढणीला तिसऱ्या आणि साठवणीत चौथ्या.

गेल्या काही वर्षांत हे चारही टप्पे हलले आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर, अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ फिरत असताना, राज्यभर परतीनंतरचा पाऊस लांबला. खरीप कांदा वावरातच गेला, आणि त्या डिसेंबरात शहरांमध्ये किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेले. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मेलाच केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. त्याआधीच, त्याच मे महिन्यातल्या पावसाने नाशिक जिल्ह्यात काढलेला आणि काढायचा राहिलेला, दोन्ही उन्हाळ कांदा भिजवला. शेतकऱ्याने रोप टाकायची तारीख पुढे ढकलावी की मागे घ्यावी, हा आता अंगवळणी पडलेल्या ठोकताळ्यांवर सुटणारा प्रश्न राहिलेला नाही.

मग देशाच्या पातळीवर काय चाललंय? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०२० मध्ये भारताच्या हवामानबदलाचा सविस्तर अहवाल दिला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. आणि मध्य भारतात एका दिवसात दीडशे मिलिमीटरहून जास्त कोसळण्याच्या घटना १९५० पासून सुमारे पंचाहत्तर टक्क्यांनी वाढल्या. एकूण पाऊस कमी आणि कोसळणारा पाऊस जास्त, हे दोन्ही एकाच वेळी. आपल्या शिवारातला अनुभव याहून वेगळा नाही. पण हे आकडे संपूर्ण देशाचे किंवा मध्य भारताचे. त्यातून लासलगावच्या शेतकऱ्याला रोप कधी टाकायचं हे सांगता येत नाही.

त्याआधी ऑक्टोबर २००९ मध्ये, जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना, देशभरातल्या संशोधन संस्थांचं एक जाळं हवामानबदलाच्या अभ्यासासाठी उभं केलं गेलं. त्याने २०१० मध्ये शेती, पाणी, निसर्ग-जैवविविधता आणि आरोग्य या चार विषयांवर, २०३० च्या दशकात काय होईल, याचा अंदाज मांडला. विषय एकत्र गुंफलेले होते, दिशा बरोबर होती. प्रदेश निवडले ते चार: हिमालय, ईशान्य, किनारपट्टी आणि पश्चिम घाट. २०१५ मध्ये दीर्घकालीन परिसंस्था निरीक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला, त्याचाही भर जंगलं, पर्वत, वाळवंट, सुंदरबन, बेटं अशा निसर्गसंपन्न भूभागांवर. यात चूक काही नाही, तिथे मोजलंच पाहिजे. पण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला निफाड-येवल्यात पाचशेच्या आसपास. हा पर्जन्यछायेतला, काळ्या कातळावरचा, पूर्ण शेतीखाली आलेला मुलूख अशा मोठ्या निरीक्षणांच्या नकाशावर सहसा येत नाही. देशाचं ताट मात्र याच मुलखावर भरतं.

अंतर कुठे पडतं त्याचं एक उदाहरण इगतपुरीचंच. नाशिक जिल्ह्यासाठी हवामान विभागाचा कृषी सल्ला तयार होतो तो इगतपुरीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रात. तिथली मंडळी भात-नागलीच्या प्रदेशात बसून कांदा-द्राक्षाच्या प्रदेशाला सल्ला देतात, आणि आहे त्या साधनांत ते मनापासून काम करतात. ही दरी भरायला कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा पातळीवरचे कृषी हवामान कक्ष २०१८ पासून देशात उघडले गेले होते. जवळपास दोनशे झाले. २०२४ च्या मार्चपर्यंत ते बंद करण्यात आले. सल्ला यंत्रानेही देता येईल, असं त्यामागचं म्हणणं. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. आकडे यंत्र देईल, पण यंदा अमुक गावात रोप उशिरा टाकलंय म्हणून करप्याची सूचना आठवडाभर पुढे न्या, हे सांगायला त्या तालुक्यात फिरणारा माणूस लागतो.

महाराष्ट्राला तरी हे नव्याने शिकवायला नको. भारतीय हवामान विभाग १८७५ सालचा. १९३२ मध्ये पुण्यात त्याच विभागात डॉ. एल. ए. रामदास यांनी शेतीच्या हवामानशास्त्राची शाखा उभी केली. पिकाच्या उंचीवरची हवा, मातीचं तापमान, जमिनीतून उडून जाणारं पाणी यांचं मोजमाप त्यांनी शेतात जाऊन सुरू केलं. हवामान आणि पीक एकाच वहीत लिहायचं, ही कल्पना आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वीची आहे.

आणि वही सलग लागते. खंड पडला की किंमत जाते. हवाई बेटांवर मौना लोआच्या डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवेतला कर्बवायू मोजायला सुरुवात केली. पैसे आटल्यामुळे १९६४ मध्ये काही महिने तिथली मोजणी थांबली होती, आणि त्या जगप्रसिद्ध आलेखात ती फट आजही दिसते. आपल्याजवळचं उदाहरण गोव्यातल्या काबो द रामचं. समुद्रावरून येणाऱ्या हवेतल्या कर्बवायूची तिथली नोंद १९९३ मध्ये सुरू झाली, २००२ मध्ये थांबली, काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली. मधली वर्षं आता कोणालाच परत मोजता येणार नाहीत. निफाड तालुक्यातली एखादी निरीक्षण विहीर बुजवली गेली किंवा पर्जन्यमापकाची जागा बदलली, तर तिथेही नेमकं हेच होतं, फक्त त्याची बातमी होत नाही.

एकत्र मोजणी नसेल तर काय होतं, हे नांदूरमध्यमेश्वरला उभं राहिल्यावर लख्ख दिसतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा हा बंधारा ब्रिटिश काळातला. गाळ साचत गेला, उथळ पाणथळ तयार झाली, पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीने बघणारी माणसं बदकांची मोजदाद करतात. त्याच पाण्याला दुसरा हिशेब आहे. २००५ चा जलसंपत्ती नियमन कायदा आणि त्यानंतर मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये दिलेली सूत्रं यांनुसार, ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं, आणि नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद दर तुटीच्या वर्षी पेटतो. तिसरा हिशेब पुराचा: ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये वरून आलेलं पाणी सायखेडा-चांदोरीच्या बाजारपेठांत शिरलं. चौथा, नाशिक शहरातून येणाऱ्या सांडपाण्याचा आणि पाणवेलींचा. पाचवा गाळाचा. गाळाने बंधाऱ्याची साठवण कमी होते, त्याने पूर चढतो, आणि त्याच गाळावर पाणथळ जगते. हे पाचही हिशेब एकमेकांत अडकलेले आहेत आणि पाचही वेगळ्या फायलींत आहेत. गाळ काढा म्हणणारा शेतकरी आणि काढू नका म्हणणारा पक्षिमित्र भांडतात, कारण किती गाळ काढल्यावर पूर किती उतरेल आणि बदकं किती उडून जातील, हे सांगणारा एकत्रित अभ्यास दोघांच्याही हातात कोणी ठेवलेला नाही.

सरकारी वहीची वाट न बघता लोक आपापली मोजणी करू लागले आहेत. द्राक्षबागायतदारांनी स्वतःच्या पैशाने बागेत छोटी हवामान केंद्रं बसवली. पानांवर ओल किती तास टिकली हे मोबाईलवर बघून ते फवारणी ठरवतात. कांद्यात असा खर्च परवडत नाही. तरी लासलगावच्याच शेतकरी कुटुंबातल्या संगणक अभियंता कल्याणी शिंदे यांनी चाळीत लावायचं यंत्र तयार केलं, जे सडणाऱ्या कांद्यातून सुटणाऱ्या वायूवरून धोक्याची सूचना देतं. चार-पाच महिन्यांच्या साठवणीत चाळीतला पंचवीस ते चाळीस टक्के माल वजनघट, सड आणि कोंब यांत जातो, हे ध्यानात घेतलं तर अशा यंत्राची किंमत कळते. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगावला विकिरण केंद्र उभारलं, तेही कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. पण चाळीत नेमका किती माल शिल्लक आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हा आकडा अजूनही देशाकडे भरवशाचा नाही. त्या अंदाजावर निर्यातबंदी लागते, डिसेंबर २०२३ मध्ये लागली तशी, आणि तिचा फटका दुसऱ्याच सकाळी लिलावात बसतो. चाळीतल्या उष्णतेचा आणि ओलीचा हिशेब दिल्लीच्या टेबलावर असता, तर काही निर्णय वेगळे झाले असते असं मला ठामपणे वाटतं.

साधनं आता कमी नाहीत. केंद्राने जुलै २०२३ मध्ये तालुका पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं आणि ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक यांचं देशव्यापी जाळं विणायची योजना आणली. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन हजार कोटींचं ‘मिशन मौसम’ मंजूर झालं. मे २०२५ मध्ये पुण्यात तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. ती बारा किलोमीटरऐवजी सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. सहा किलोमीटर म्हणजे साधारण लासलगाव ते विंचूर. इतक्या बारीक अंदाजाला इतकीच बारीक नोंद खालून मिळाली नाही, तर तो तपासायचा कशावर?

म्हणून मागणी साधी आहे. निफाड तालुका नमुना म्हणून घ्यावा. मंडळांचा आणि गावांचा पाऊस, कुंदेवाडीचं तापमान, निरीक्षण विहिरींची पातळी, नांदूरमध्यमेश्वरचा विसर्ग आणि पक्षीगणना, मातीचे नमुने, उपग्रहावरून दिसणारं कांदा क्षेत्र, चाळीतली घट आणि लासलगावची रोजची आवक, हे सगळं एका नकाशावर, एका तारखेखाली, मराठीत, कोणालाही बघता येईल असं ठेवावं. राहुरीचं विद्यापीठ, राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय आणि पुण्याच्या हवामान संस्था, सगळे इथून काही तासांच्या अंतरावर आहेत. यासाठी नवं खातं काढायला नको. आहे त्या खात्यांनी आपली वही एकमेकांसमोर उघडावी, आणि पुढची तीस वर्षं एक दिवसही न चुकता लिहावी.

वाचकांपैकी जे शेतकरी आहेत, ग्रामपंचायतीत आहेत, त्यांना एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत एवढं विचारा: आपल्या गावाचा पाऊस कुठे मोजला जातो, ते नरसाळं शेवटचं कधी साफ झालं, आणि गेल्या दहा वर्षांचा आकडा आपल्याला कोण देणार? उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक सभेच्या इतिवृत्तात हा प्रश्न लिहून घ्या.